नानांवरच्या दोन कविता

वडील जाऊन आठ दिवस झाले होते. सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला, येणाऱ्यांना द्यायच्या पत्रकावर त्यांचा फोटो आणि खाली आम्हा दोघा भावंडांच्या कविता छापायच्या, असं थोरल्या बहिणीनं ठरवलं. अक्का एरवी धुळ्याला असते, मी जळगावात. नानांवर आम्ही दोघांनीही तरुणपणी एकेक कविता लिहिली होती. तिची एका दिवाळी अंकात आली, माझी कॉलेजच्या अंकात. माझी मी नानांना कधी दाखवली नव्हती.

द्वारदर्शनाला, सांत्वनाचे दोन शब्द बोलायला, माणसं येत होती. कुणी उठलं की मी आतल्या खोलीत जाऊन दोन्ही कविता वाचायचो आणि पुन्हा बाहेर यायचो. एका जागी बसवत नव्हतं. कवितांची अशी तुलना मी वर्गात मुलांकडून कितीदा लिहून घेतली आहे. अक्काच्या कवितेत तापलेली मुलगी बापाच्या खांद्यावर आहे. तो मापाडी, जामनेरच्या बाजारातून तसाच दवाखान्याकडे निघालेला, अंगाला तुरीच्या धुळीचा वास. माझ्या कवितेत, खोटं बोलला म्हणून भर दुपारी घराबाहेर काढलेला मुलगा ओट्यावर बसून आतल्या भांड्यांचा आवाज ऐकतो. तिच्या कवितेत बापाची पाठ आणि चाल आहे. माझ्या कवितेत नुसतं बंद दार. चेहरा दोन्हींत नाही, हे मला आत्ता दिसलं.

छापखान्याचा फोन दोनदा येऊन गेला. शेवटी मी अक्काला म्हटलं, तुझी एकटीचीच देऊ. माझी लोकांच्या हातात नको.

"लिहिताना नाही लाजलास, मास्तर," ती म्हणाली. मग तांदूळ निवडता निवडता तिनं सांगितलं, की नानांनी माझी कविता केव्हाच वाचली होती. ते धुळ्याला आले असताना तिच्या कपाटात त्यांना तो अंक सापडला. चष्मा तिनंच शोधून दिला. दोनदा वाचली त्यांनी.

काय म्हणाले, मी विचारलं.

"म्हणाले, बठ्ठं खरं शे. पन मी दारना मांगेच उभा व्हतू."

दारामागे किती वेळ उभे होते, ते तिनं विचारलं नव्हतं. मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीस, म्हटलं, तर ती खाली बघूनच बोलली, "नानाच सांगू नको म्हणाले, भाऊ. तू कविता बदलशील, असं वाटलं त्यांना."

त्यांचं बरोबर होतं. त्या दुपारी, बाहेर माणसं बसलेली असताना, मी कागद घेऊन नानांना दाराआड उभं करून पाहिलं. चार-पाच वेळा लिहिलं, खोडलं. ते तिथं आले की ओट्यावरच्या पोराला त्यांची चाहूल लागायची, आणि मला तर ती लागली नव्हती.

संध्याकाळी दोन्ही कविता होत्या तशा छापखान्यात पाठवल्या.