ऐंशीच्या खाली एकही फूल नाही

वकील बिरदेव कोळपे याला सलग दहा मिनिटं एका जागी बसलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याने केडगाव स्टेशनसमोरच्या त्याच्या ऑफिसात यावं आणि तसं प्रतिज्ञापत्र करून द्यावं. बिरदेव ते फुकट टाइप करून देईल, उभ्या उभ्या. ऑफिसात फिरती खुर्ची आहे, पण ती कोट अडकवायला. अशील बसतो आणि वकील फिरतो, कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कपाटापर्यंत. तासाभराने अशील बाहेर पडतो तेव्हा त्याला कायदा किती कळला ते सांगता येत नाही, पण मान नक्की आखडलेली असते.

"ह्यांच्या घरातली मेंढरं गेली, पण चालणं काही गेलं नाही," असं त्याची बायको सुषमा म्हणते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे चुळबुळ करणाऱ्यांचा तिला अनुभव आहे. बिरदेवाचे आजोबा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. वडिलांनी कासुर्डीत कालव्याच्या पाण्यावर कांदा लावला आणि घराणं एका जागी बसवलं. बिरदेवाने ते पुन्हा उठवलं. सोमवार-बुधवार दौंडचं कोर्ट, मंगळवार-शुक्रवार शिरूरचं, आणि मधल्या रस्त्यावर मोटरसायकल. न्हावऱ्याच्या चहावाल्याला त्याचा चेहरा नीट आठवत नाही, कारण चहा तो गाडीवरून न उतरताच पितो.

पोटापुरती वकिली होती. बांधाचे दावे, वाटपाचे दावे, न वटलेले चेक. भावाभावांत प्रेम वाढण्याची काही चिन्हं नसल्यामुळे भविष्यही उज्ज्वल होतं. पण ज्या दाव्यात आज काय होणार ते काल माहीत असतं, त्यात बिरदेवाचा जीव रमेना. मग एका पुस्तकात त्याला स्पर्धा कायदा सापडला. व्यापाऱ्यांनी एकमेकांशी स्पर्धा करायची, आपसात ठरवून भाव बांधायचे नाहीत, गावं वाटून घ्यायची नाहीत. तसं केलं तर दिल्लीत आयोगाकडे तक्रार करता येते. तिथे दोष ठरला, की ज्यांना भुर्दंड पडला त्या सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करायचा आणि भरपाई मागायची. बिरदेवाने ते पान वाचलं आणि त्या दिवशी कपाट ते खिडकी किती फेऱ्या झाल्या याची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी बोर्ड बदलला: 'स्पर्धा कायद्याचे तज्ज्ञ'.

तिसऱ्या दिवशी कारेगावची तीन पोरं आली. त्यांना फौजदारकीच्या स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन हवं होतं. बिरदेवाने त्यांना तास-दीड तास भाव बांधण्याविरुद्ध सांगितलं. त्यातला एक पुढे खरंच फौजदार झाला आणि पेढे घेऊन आला, त्यामुळे कोर्टातल्या वकिलांच्या बाररूमला हसायला दोन वर्षं पुरलं.

पहिली केस कारेगावचीच. कंपनीतल्या कामगारांना डबे देणाऱ्या पाच खानावळींनी एकाच दिवशी एकच दर वाढवला होता. बिरदेवाने दोन महिने पुरावे गोळा केले. दर एक, तारीख एक, डाळीतलं पाणीसुद्धा सारखं. मग कळलं की पाचही खानावळींचं स्वयंपाकघर एक आणि मालकही एकच होता, पाच बोर्ड लावून बसलेला. संगनमत करायला निदान दोन माणसं लागतात. बिरदेव महिनाभर बाररूममध्ये गेला नाही.

अशा वेळी रंगुबाई आली. कासुर्डीची, साठीच्या पुढची, तीस वर्षं झेंडू, तिच्या भाषेत गोंडा, करणारी बाई.

"वकीलसाहेब, पाच रोपवाटिका हायती," ती म्हणाली. "पाच मालक, पाच ठिकाणी. गोंड्याचं रोप समद्यांकडं तीन रुपयं. एका सोमवारी समद्यांकडं चार झालं. मी म्हटलं, केडगावच्या शंकररावाकडं जावं, तर तो म्हंतो, मावशी, कासुर्डीला आम्ही रोप देत न्हाई, तुमचं गाव दुसऱ्याच्या वाट्याला गेलंय. आवो, मी काय भावकीतली म्हस हाय व्हय, वाट्याला जायला?"

कपाट आणि खिडकी यांच्या मधोमध बिरदेव थांबला. त्याला थांबलेलं पाहून रंगुबाईच घाबरली. तिला वाटलं, चक्कर आली.

त्यानंतर आठ वर्षं गेली. तक्रार, चौकशी, तारखा. शंकरराव आणि बाकीच्या चौघांचा 'हिरवाई परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप निघाला. त्यात रोज सकाळी सुविचार आणि दर सोमवारी भाव. शंकररावांनी मेसेज पुसून टाकले होते, पण एका मालकाला पुसता येत नव्हतं, म्हणून पुरावा वाचला. आयोगाने पाचही जणांना दोषी धरलं. मग बिरदेवाने गावोगाव फिरून तीनशे बारा झेंडूवाले एका अर्जात आणले. मेंढपाळाच्या नातवालाच ते जमावं. निम्म्यांना अर्ज म्हणजे अनुदान वाटत होतं आणि उरलेल्यांना वाटत होतं की ह्याला आमदारकीला उभं राहायचंय.

अर्जाची सुनावणी दिल्लीच्या न्यायाधिकरणापुढे नवरात्रातल्या आठव्या माळेच्या गुरुवारी होती. समोर रोपवाटिकावाल्यांकडून पुण्याचे महेंद्र वकील. त्यांचं एकच म्हणणं होतं की हा अर्ज उभाच राहू शकत नाही. अर्ज पडला असता, तर तीनशे बारा घरांची आठ वर्षं पाण्यात गेली असती. बिरदेवाच्या वयाचीही आठ वर्षं त्यातच होती, आणि बाररूमला पुढची वीस वर्षं हसायला मिळालं असतं.

आता आमच्या भागाची एक रीत सांगायला हवी. इथे कुठलीही गोष्ट दोन कामं झाल्याशिवाय पक्की मानत नाहीत. एक, देवळात बेल-भंडारा उचलून शपथ घेणं. दोन, फ्लेक्स लावणं.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यातल्या सोमवारी बिरदेव दौंडला निघाला होता. कासुर्डी फाट्यावर त्याला स्वतःचा चेहरा दिसला. दहा बाय पंधराचा, बोट उगारलेला. शेजारी खंडोबा, खाली झेंडूची रास, त्याखाली अठ्ठावन्न शेतकऱ्यांचा हातात भंडारा घेतलेला फोटो, आणि पिवळ्याजर्द अक्षरांत: 'दसऱ्यापर्यंत ऐंशीच्या खाली एकही फूल नाही! प्रेरणास्थान: अ‍ॅड. बिरदेव कोळपे'.

बिरदेव गाडीवरून उतरला. हे त्या रस्त्यावर प्रथमच घडलं.

तिथून तो थेट जालिंदरच्या मळ्यात गेला. जालिंदर त्याचा शाळेतला सोबती, अर्जातला सर्वांत उत्साही माणूस. शपथेची कल्पना त्याची, फ्लेक्सचा खर्चही त्याचाच. रंगुबाई तिथेच फुलं खुडत होती.

"बघितलास का फ्लेक्स?" जालिंदर लांबूनच ओरडला. "फोटो तुझ्या लग्नातला हाय. आताच्यापेक्षा बरा दिसतोस."

"जालिंदर, शंकररावानं काय गुन्हा केला होता?"

"समद्यांनी मिळून भाव बांधला."

"आणि तू काल देवळात काय केलंस?"

जालिंदरने विचार केला. "त्यानं फोनवर केलं. आम्ही देवासमोर केलं."

"अरे, त्यानं निदान पुरावा पुसला तरी! तू दहा बाय पंधराचा लावलास! वर माझा फोटो!"

"तूच म्हंत व्हतास ना, एकी करा म्हणून?"

"अर्ज करायला एकी करा म्हटलं होतं, भाव बांधायला नाही!"

"आता हे बारकं कसं कळावं मानसाला?" रंगुबाई मध्येच म्हणाली. तिचा प्रश्न इतका रास्त होता की बिरदेवाने झेंडूच्या सरीतून चार फेऱ्या मारल्या.

"फ्लेक्स काढू," जालिंदर म्हणाला. "इषय संपला."

"आणि शपथ?"

"शपथ कशी मोडंल? भंडारा उचललाय, बिऱ्या. तू धनगराचा ना? तुला सांगाय लागतंय व्हय?"

फ्लेक्स दुपारी उतरला. पण शंकररावांच्या पुतण्याने सकाळीच फोटो काढला होता, आणि संध्याकाळपर्यंत तो महेंद्र वकिलांकडे पोचल्याची बातमी बिरदेवाकडे पोचली. तालुक्यात बातमीला मात्र कोणी वाटे घालून दिलेले नाहीत.

घरी सुषमा वह्या तपासत होती आणि बिरदेव स्वयंपाकघर ते अंगण चालत होता.

"ते म्हणतील, हे शेतकरीच भाव बांधतात, ह्यांना कसली भरपाई? मी म्हणू शकतो, फ्लेक्सचं मला माहीत नव्हतं. ते खरंही आहे. शपथेचं कुणी विचारलं तरच..."

"वर्गात असं बोलणाऱ्या पोराला मी काय करते ठाऊक आहे ना?"

"बाकावर उभं करतेस."

"तुम्हाला त्याचा काय उपयोग? तुम्ही उभेच असता." तिने वही मिटली. "शंकररावांनी मेसेज पुसले म्हणून आठ वर्षं त्यांना नावं ठेवलीत. आता तुम्ही काय पुसणार?"

दुसऱ्या दिवशी बिरदेव शिरूरच्या तारखेला गेलाच नाही. देवळासमोर त्याने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं: फ्लेक्सचा फोटो मी स्वतःच अर्जाला जोडणार. पण ज्यांनी भंडारा उचललाय त्यांनी ती शपथ सोडली असं प्रतिज्ञापत्रावर सांगायला हवं, आणि ते खरं हवं. नुसता कागद चालणार नाही.

अठ्ठावन्न माणसं देवाला नमस्कार करून घरी गेली. कायद्याची भीती दिल्लीत होती आणि देव समोर होता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी रंगुबाई डोक्यावर पाटी घेऊन आली आणि देवळाच्या पायरीवर बसली. आधी तिने कपाळाला भंडारा लावला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खंडेराया, चूक झाली. मी मोडते. शिक्षा द्यायची ती मला दे, ही पोरं खुळी हायती." आणि पुढच्याच दमात, "घ्या फुलं, सत्तर रुपयं किलो! घटाला ताजी फुलं!"

पहिला किलो हायवेवरच्या एका ट्रक ड्रायव्हरने घेतला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्याने पासष्टला मागितला. रंगुबाईने दिला. दुपारपर्यंत पायरीवर पाट्यांची रांग लागली. रंगुबाई आपल्या अंगावर घेतेय म्हटल्यावर देवाचीही हरकत दिसेना.

एकटा जालिंदर आला नाही. बिरदेव त्याच्याकडे तीनदा गेला.

"लेका, तुझं नाव अर्जातून काढावं लागेल."

"काढ."

"आठ वर्षं माझ्याबरोबर फिरलास. भरपाई मिळणार नाही."

"न मिळू दे. शपथ मीच समद्यांना घ्यायला लावली. समद्यांनी मोडली तर ते पोटासाठी. मी मोडली तर मग ती कवा कुणी घेतलीच नव्हती आसं व्हईल." त्याने माघारीच्या कागदावर सही केली आणि पेन झटकून परत दिलं. "बारकं अक्षर वाचलं न्हाई. तू लिवलंय म्हंजी ठीकच आसंल."

सुनावणी व्हिडिओवरून झाली. सुषमाने लॅपटॉप कपाटावर, उभ्या माणसाच्या तोंडासमोर ठेवला. तरी न्यायमूर्तींना दोनदा सांगावं लागलं की वकीलसाहेब, आपण अधूनमधून दिसेनासे होता, फक्त आवाज येतो. महेंद्र वकिलांनी खाकरून फ्लेक्सचा फोटो वर धरला.

"तो अर्जदारांनी मंगळवारीच दाखल केलाय," न्यायमूर्ती म्हणाले. "पान एकेचाळीस. त्यांचा रंगीत आहे."

महेंद्र वकील तरीही तासभर बोलले. बिरदेव सव्वा तास बोलला, त्यातला निम्मा पडद्याबाहेरून. दुसऱ्या दिवशी आदेश झाला: शपथ सोडल्याचं उघडपणे सांगणाऱ्यांचा आणि शपथेत नसलेल्यांचा दावा टिकतो. तीनशे अकरा जणांच्या भरपाईची सुनावणी पुढे चालेल. माघार घेणाऱ्याचं नाव वगळलं.

बातमी ऐकून ऑफिसबाहेर फटाके वाजले. बिरदेवाने पेढा तोंडात टाकला आणि गाडीला किक मारली.

दसऱ्याचा आदला दिवस. बाजारात झेंडू पंचावन्नवर आला होता. जालिंदरच्या मळ्यात मात्र जत्रा भरली होती. कारेगावचे कामगार, केडगावच्या मिशनमधल्या बायका, शाळेची पोरं, जो तो पिशव्या भरून फुलं नेत होता. जालिंदर बांधावर बसून विडी ओढत होता.

"काय रे, विकतोयस का?" बिरदेवाने धसक्याने विचारलं.

"इकायचं कसं? ऐंशीला कोण घेतंय?" जालिंदर म्हणाला. "ऐंशीच्या खाली इकायचं न्हाई, ही शपथ. फुकट द्यायचं न्हाई आसं कुठं म्हटलंय? तीनशे अकरा टिकले का?"

"टिकले."

"मग बरं झालं. घे, तूबी घे. सुषमावैनीला तोरणाला."

बिरदेवाने पिशवी घेतली, आणि त्याचे पाय चालू लागले. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जालिंदर, फुकट वाटून बाकीच्यांचा धंदा बसवणं, याच्यावरही कलम आहे. कलम चार, बाजार मुठीत असलेल्यांना लागणारं. तुझी फुलं किती आहेत?"

"अर्धा एकर."

"नक्की? कुणाबरोबर वाट्यानं वगैरे नाही ना?"

"बिऱ्या," जालिंदर म्हणाला, "फुलं घे आन् घरी जा."