बबिताचे कॅलिपर

ताडकळसला बसस्टँडमागं बबिताचं दुकान आहे. मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवणारी ती भागातली एकटी बाई. तिचा चुलतभाऊ सुगत जर्मनीत अधू पायांना उभं धरणारी कॅलिपर बनवतो. गावावर त्याचा भारी जीव. दर हिवाळ्यात रजा काढून यायचा, शिबिर घ्यायचा, लेकरांच्या पायांत कॅलिपर चढवायचा आणि डोळे पुसत परत जायचा.

एका उन्हाळ्यात नर्मदाबाई नातीला, शिवकन्येला, कडेवर घेऊन दुकानात आल्या. कॅलिपरचा पट्टा तुटला होता आणि पोरगी पुन्हा घरात सरकत फिरायला लागली होती. बबितानं रेग्झिनचा दुहेरी पट्टा शिवून दिला. ही बातमी पसरली तशी गंगाखेडकडूनही माणसं यायला लागली. पण पाय वाढून कॅलिपर आखूड झालं, की तिचा इलाज चालेना.

सुगत आला तेव्हा त्याला जेवायला वाढताना तिनं सरळच विषय काढला.

“दादा, औंदा शिबिर नको. मला शिकव.”

“अगं, तिथं हे शिकायला तीन वर्षं लागतात.”

“मला चार लागू दे. पण तू गेल्यावर लेकरांनी कुणाकडं जायचं?”

सुगतनं रजा वाढवून घेतली. पायाचं माप, प्लॅस्टरचा साचा, धातूची पट्टी वाकवणं, सगळं तिच्याकडून करून घेतलं. परत गेल्यावर दर रविवारी तो फोनवर शिकवू लागला. परभणीचे डॉक्टर पाय तपासून द्यायचे, मगच बबिता कामाला हात घालायची.

तिनं केलेलं पहिलं कॅलिपर शिवकन्येच्या घोट्याला लागलं. फोड आला. बबिताचा धीरच खचला. तिनं सुगतला सांगितलं, आपल्याच्यानं हे व्हायचं न्हाई, दुसरं माणूस बघ.

“माझ्या पहिल्या कॅलिपरच्या बुटानं एका म्हाताऱ्याचा अंगठा काळानिळा केला होता, बबे,” सुगत म्हणाला. “त्या म्हाताऱ्यानं दुसरा बूटही माझ्याकडूनच करून घेतला.”

फोड बरा झाल्यावर तिनं नवा साचा घेतला. पोर पाय देईना. नर्मदाबाईंनी तिला मांडीवर धरून बसवलं. या वेळचं कॅलिपर चढवून शिवकन्या दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेली आणि आजीनं हाका मारल्या तरी लवकर वळेना.

यंदा सुगत आला तो जर्मनीतल्या आपल्या कामावरच्या सोबतिणीला घेऊन. कॅलिपरमधल्या गुडघ्याच्या सांध्याचं काम तिचं, ते ती बबिताला शिकवणार होती. बाकड्यावर तीन लेकरं बसलेली होती. बबितानं दोघांना चहा दिला आणि हातातलं माप पुरं होईपर्यंत थांबायला सांगितलं.

ते दोघं थांबले.