भरतीची वेळ, धारेची वेळ

आकारामला जो मासा हवा होता, तो कोल्हापूरहून एक घाट उतरून खाली, खाऱ्या पाण्यात राहत होता. आणि आकाराम होता म्हशीवाला. त्याला कोल्हापूर सोडता येत नव्हतं.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर त्याच्या म्हशी पहाटे आणि संध्याकाळी उभ्या असत. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसासकट पेला हातात द्यायचा, मिशी पुसत गिऱ्हाईक गेलं की पुढचा पेला. बापानं जन्मभर हे केलं. बापाचे गुडघे गेले तेव्हा आकारामला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्याचेच गुडघे जायला आले होते. दोन धारांच्या मधे जो दिवस उरतो त्यात शेण, वैरण, नदीवर म्हशी धुणं. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यानं हळदीच्या अंगानं धार काढली होती. हळदीचा वास म्हशीला रुचला नाही, तिनं लाथ झाडली, आणि नवरदेव लंगडत मांडवात आला. गल्लीतले म्हातारे अजून ते सांगून हसतात. आकारामही हसतो, पण त्याला त्या दिवसातलं मुख्यतः आठवतं ते हे, की संध्याकाळी परत धार होती.

थकवा म्हणून वेगळा त्याला कधी जाणवला नाही. अंगाला शेणाचा वास असतो तसा तो होता. दुसऱ्यांना कळायचा.

टार्पन नावाचा तो मासा त्याला बाळासोनं दाखवला. बाळासो त्याचा शाळेतला सोबती, भाजीचा टेम्पो घेऊन रोज कोकणात उतरणारा. एकदा कट्ट्यावर दूध पिता पिता त्यानं मोबाईल पुढं धरला. कुठल्या तरी परदेशी समुद्रात माणसाएवढा मासा पाण्याबाहेर उसळत होता, सगळं अंग घासलेल्या परातीसारखं. उसळून तो हवेत डोकं झाडायचा आणि परत पडायचा. धरणाऱ्या माणसानं शेवटी त्याला बोटीच्या कडेला पाण्यातच धरून ठेवलं आणि सोडून दिलं.

"परत लाव," आकाराम म्हणाला.

"म्हस पान्हा चोरंल तुजी," बाळासो म्हणाला. "आदी धार काढ."

"काढतो. तू लाव."

पुढं एकदा दोन धारांच्या मधल्या वेळात तो नुसता फिरायला म्हणून टेम्पोत बसला. गगनबावडा, मग भुईबावड्याचा घाट, मग खारेपाटणच्या खालच्या अंगाला खाडी. बाळासो भाजी उतरवत होता. आकाराम जुन्या धक्क्याच्या दगडावर बसला होता, आणि त्याच्या समोर पाणी फुटून एक मासा वर आला. हाताएवढा असेल. पण तोच. तेच वर वळलेलं तोंड, तेच मोठे डोळे. पाठीवरच्या पराला मागं लोंबणारा एक दोरा, मोबाईलमधल्याला होता तसाच. मासा पडला, पाणी मिटलं. आकाराम उभाच राहिला होता, ते त्याला बाळासोनं हाक मारल्यावर कळलं.

त्यानंतर तो जमेल तेव्हा खाली येऊ लागला. काठी घेतली, रीळ घेतलं, तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची गुंडाळी घेतली. धक्क्याजवळच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले काढणारी अंबूबाई होती. ती मूळची गगनबावड्याची, लग्न होऊन खाली आलेली. कपाळाला पदर बांधून ओहोटीला चिखलात उतरायची, भरती आली की टोपली घेऊन धक्क्यावर बसायची. तिनं त्या माशाचं तिकडचं नाव सांगितलं होतं, ते आकारामच्या ध्यानात कधी राहिलं नाही.

"त्येला काटं लय, पावणं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "मांजर बी बगत न्हाय त्येच्याकडं. खायाला पायजे तर दुसरा धरा."

"खायाला न्हाय पायजे."

"मग?"

आकारामनं गळ परत पाण्यात फेकला.

दोनदा मासा गळाला लागला. दोन्ही वेळा तो उसळला, आकारामनं सगळ्या अंगानं काठी मागं ओढली, आणि गळ रिकामा परत आला. त्या माशाचं तोंड आतून हाडासारखं कडक. उसळी मारताना तंगूस ताणलेला असेल तर गळ सुटतो. उसळला की हात पुढं करून सैल सोडायचं, हे मोबाईलमधला माणूसही करत होता आणि अंबूबाईनंही सांगितलं. आकारामला पटत होतं. पण दावं हिसकलं की आवळायचं, एवढंच त्याच्या हातांना माहीत होतं.

"म्हस हाय व्हय ती, एवढं वढताय?" अंबूबाई म्हणाली. आणि वर म्हणाली, "ह्यी दुपारची बारकी पोरं. खरा येतोय तो उनं कलल्यावरच्या भरतीला. त्या वक्ताला तुमी कवा ऱ्हाताय?"

तो कधीच राहत नव्हता. उन्हं कलायच्या आत बाळासोचा टेम्पो घाटाला लागायचा आणि आकाराम त्यात बसलेला असायचा, कारण घरी भिंगरी होती.

भिंगरी ही त्याची सगळ्यांत दुधाळ म्हैस. तिचं रेडकू जन्मून काही दिवसांत गेलं, तेव्हापासून ती आकारामशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. त्यानं शेजारी बसून घशातल्या घशात गुणगुणायचं, जिभेनं टकटक करायचं, मग ती कास सैल करायची. एरवी बाकीच्या म्हशी त्याची बायको बनाबाई पिळायची. भिंगरीजवळ गेली की लाथ. आणि एक वेळची धार तशीच राहिली तर कास दगडासारखी होते, म्हैस वाया जाते. म्हणजे त्या भरतीची वेळ आणि धारेची वेळ एकच होती, आणि दोन्हींच्या मधे घाट होता.

हे बरेच दिवस चाललं. घरी येऊन तो रीळ पुसत बसायचा. शेवटी बनाबाईच बोलली.

"जन्म म्हशीच्या शेपटीमागं गेला, आता माशाच्या शेपटीमागं. एकदा ऱ्हावा तितं सांजपतूर आन् संपवा ह्ये."

"आन् भिंगरी?"

"तुमचा शर्ट घालतो की मी. वरनं मुंडासं बांदतो. तिला काय कळतंय?"

"तिला समदं कळतंय."

"तुमच्यापरीस जास्तच कळतंय. पर एक सांगतो. एकदा गावला म्हंजे बास. परत खाडीचं नाव काडायचं न्हाय."

"बास," आकाराम म्हणाला.

दोन-चार दिवस तिनं त्याच्या न धुतलेल्या शर्टात सराव केला. तो शेजारी बसून गुणगुणायचा, ती पिळायची. भिंगरी मान वळवून दोघांकडं बघायची आणि थोडं थोडं दूध द्यायची, उपकार केल्यासारखं.

ठरलेल्या दिवशी तो टेम्पोतून खाली उतरला. दुपारी बाळासोनं हॉर्न वाजवला, आकारामनं धक्क्यावरून हात हलवला.

"खरंच येत न्हाईस?"

"न्हाय."

"आरं, मग जेवलाईस का तरी?" बाळासोनं उरलेल्यातली काकडी त्याच्याकडं फेकली आणि गाडी घाटाकडं वळवली. आवाज लांब गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आकारामला कुठं जायचं नव्हतं. बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. नुसतं जड वाटलं. डोळे मिटत होते. खाडीचं पाणी चिखलावरून हळूहळू वर येत होतं, घाई नसलेलं, रोज येतं तसं.

अंबूबाई टोपली घेऊन वर आली. त्यानं गळाला कोळंबी लावून फेकली. ऊन तिरपं झालं. एकदा लांब पाणी फुटलं. आकाराम ताठ बसला. दुसऱ्यांदा पाणी जवळ फुटलं, आणि तेवढ्यात मोबाईल वाजला.

"अवो, देत न्हाय ती!" बनाबाई ओरडत होती. मागं कट्ट्यावरची गर्दी ऐकू येत होती. "शर्ट घाटलाय, मुंडासं बांदलंय, पेंड ठेवलीय. नुसती बगाय लागलीय माज्याकडं. गिऱ्हाईकं हसालीत."

"पाठीवरनं हात फिरीव."

"फिरीवला. लाथ घाटली चरवीला. कास टम्म झालीया. काय करू?"

आकारामनं पाण्याकडं पाहिलं. घाट चढून जायला रात्र झाली असती.

"मोबाईल तिच्या कानाला लाव," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"भिंगरीच्या! आवाज मोठा कर आन् लाव. आन् तू खाली बस."

पलीकडं कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग म्हशीचा श्वास ऐकू आला, जवळ, जाड. आकारामनं काठी उजव्या बगलेत धरली, डाव्या हातानं मोबाईल तोंडाशी घेतला आणि खाडीकाठी बसून घशातल्या घशात गुणगुणायला सुरुवात केली. "ये गं माजी बाय... घे गं... ये..." जीभ टकटकली. अंबूबाईनं टोपलीतला हात थांबवला आणि त्याच्याकडं बघत राहिली.

तेव्हाच काठी वाकली.

रीळ कुरकुरत फिरलं. आकाराम अर्धा उठला. पलीकडून बनाबाई हळू आवाजात म्हणत होती, "थांबू नगा, थांबू नगा, सैल पडालीय." त्याला काठी दोन्ही हातांनी धरायची होती. मोबाईल टाकून द्यायचा होता. पण पान्हा फुटता फुटता आवाज थांबला की म्हैस दूध वर चढवते, मग कुणी काही करू शकत नाही. तो गुणगुणत राहिला.

मासा उसळला. चांगला मोठा होता, कमरेपर्यंत येईल असा. उन्हात तो सबंध दिसला, डोकं झाडताना. आकारामच्या एका हातात ओढण्याएवढं बळच नव्हतं, काठी आपसूक पुढं गेली, तंगूस सैल पडला. मासा पाण्यात पडला. गळ तिथंच होता.

"आणा तो हिकडं!" अंबूबाई धावत आली आणि चिखलाच्या हातानं मोबाईल ओढून त्याच्या तोंडाशी धरला. "म्हना. म्हना तुमचं काय त्ये."

मासा परत उसळला, परत पडला. आकाराम म्हणत राहिला. त्याचा सगळा श्वास त्या गुणगुणण्यात चालला होता, ओढायला उरतच नव्हता. मोबाईलमधून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येऊ लागला, आधी बारीक, मग भरून. मासा वेढे घेत होता. वेढे लहान होत गेले.

"आलं!" बनाबाई ओरडली. "पान्हा सोडला वो, समदा!" आणि मोबाईल बंद झाला.

आकाराम गुडघाभर पाण्यात उतरला. मासा कुशीवर तरंगत आला. त्यानं गळ काढला आणि दोन्ही हातांवर त्याला पाण्यातच धरलं. खवले अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठे होते. डोळा काळा आणि उघडा होता आणि आकारामकडं बघत नव्हता. तोंड उघडून तो हवा ओढत होता. इतके दिवस हाच क्षण आकाराम मनात घेऊन दूध काढत होता, शेण भरत होता. त्यानंतर काय करायचं, हे मात्र त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आनंद झाला असावा. पण सगळ्यांत आधी त्याला बसावंसं वाटलं.

त्यानं माशाचं तोंड येणाऱ्या पाण्याकडं केलं आणि धरून ठेवलं. थोड्या वेळानं हातांत जोर आल्यासारखं वाटलं, तो माशाचा होता. मग हात रिकामे झाले.

"सोडलासा?" अंबूबाई म्हणाली. "मग धरलासा कशापायी एवढं?"

तो धक्क्यावर येऊन बसला. विजारीतून पाणी गळत होतं. अंबूबाईनं त्याच्यासमोर काकडी मोडून अर्धी ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली, आणि टोपली उचलून गेली.

बनाबाईचा परत फोन आला. आता ती रस्त्यावरच्या आवाजातही शांत होती.

"गावला का वो?"

त्याला सुटला म्हणता आलं असतं. म्हणजे परत येता आलं असतं.

"गावला," तो म्हणाला.

"मोठा?"

"व्हय. मोठा हुता."

"मग झालं की. भिंगरीनं मागनं मोबाईल बिगर बी दिलं. शेवटची धार नुसत्या माज्या हातानं काढली. कळला तिला हात आता. तुमी काय धावत येऊ नगा. सकाळची मी काढतो."

"बरं."

"ऐकलासा न्हवं? निवांत या."

तो शेवटच्या एसटीनं घाट चढला. खिडकीशी डोकं टेकून झोपला. गगनबावड्यात थंडीनं जागा झाला, गाडी बदलली, परत झोपला. घरी ताट झाकून ठेवलं होतं. बनाबाई झोपली होती.

पहाटे तो नेहमीच्या वेळी उठून बसला. गोठ्यात दिवा होता, आणि कट्ट्यावर निघायच्या आधीची घरची धार चरवीत पडत होती, न थांबता. त्यानं दारापर्यंत जाऊन पाहिलं. भिंगरीनं कान हलवला, मान वळवली नाही.

"झोपा की," बनाबाई मागं न बघता म्हणाली. "कशाला उठलासा?"

तो परत अंथरुणावर आला आणि पडून राहिला. झोप आली नाही. बाहेर धार चालू होती, आणि वाकळेवर त्याची बोटं तिच्या तालावर मिटत होती, उघडत होती.