आईने हेवा बोलून दाखवला

माझी आई आणि काकू सख्ख्या जावा. बाबा आणि काका दोघंही दारूगोळा फॅक्टरीत कामाला, त्यामुळे खडकीच्या क्वार्टर्समध्ये आमची घरं एकाच जिन्यावर होती. काकू लग्न होऊन आली ती पदवीधर. आई तेव्हा दहावी नापास. काकू आल्यावर वर्षभरातच आईने पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला. मी दुसरीत होते. एकाच पलंगावर बसून मी पाढे म्हणायचे आणि आई बीजगणित सोडवायची. पुढे ती पास झाली, पण काकूशी मनातल्या मनात चाललेली तिची शर्यत काही संपली नाही.

पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात दर रविवारी ग्रंथवाचन असतं. नंतर कुणीतरी बोलतं. बहुतेकदा काकूच. ती बोलायला लागली की मागच्या बाजूला कुजबुजणाऱ्या बायकाही गप्प व्हायच्या. आई त्या वेळी खिरीच्या पातेल्याजवळ उभी असायची. कार्यक्रम संपल्यावर सगळ्या काकूभोवती जमायच्या आणि आईला म्हणायच्या, "खीर मस्त झाली हं." घरी येऊन आई भांडी जरा जास्तच आपटायची.

मागच्या वर्षी एका रविवारी काकू गावाला गेली होती. आईने आपणहून हात वर केला, "आज मी बोलते." आठवडाभर तिने तयारी केली होती. पण उभी राहिली आणि हुबेहूब काकूसारखी बोलायला लागली. तेच जड शब्द, तेच हात हलवणं. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तिला पुढचं आठवेना. ती "माफ करा" म्हणाली आणि खाली बसली. कुणी हसलं नाही, पण तेच तिला जास्त लागलं.

त्यानंतर आई विहारात जाईना. कधी गुडघा दुखायचा, कधी पाहुणे येणार असायचे. काकूचा विषय निघाला की म्हणायची, "तिचं काय, तिला घरात काम असतं कुठे?" मी हिंजवडीच्या ऑफिसातून बसमध्ये दोन-दोन तास बसून यायचे आणि हेच ऐकायचे. तिला समजावायला गेले की म्हणायची, "तुला नाही कळायचं."

शेवटी एका संध्याकाळी काकूच आमच्याकडे आली.

"ताई, माझं काही चुकलंय का? तुम्ही बोलत नाही, येत नाही."

आई मेथी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुझं काही नाही चुकलं. मला तुझा हेवा वाटतो. तू बोलायला लागलीस की माझ्या पोटात दुखतं. आजचं नाही, तू या घरात आलीस तेव्हापासूनचं."

मी चहा गाळत होते, हात तसाच थांबला. आमच्या घरात रागावलेलं चालायचं, रडलेलं चालायचं, पण हे असं कुणी बोललं नव्हतं. काकूने आईसमोरची मेथी बाजूला सरकवली. मग पलंगावर टेकली.

"त्या दिवशी तुम्ही अडखळलात ते कळलं मला," ती म्हणाली. "ताई, माझ्यासारखं कशाला बोलायला गेलात? माझ्यासारखं बोलणारी मी आहेच की! बीजगणिताच्या पेपरची गंमत तुम्ही मला सांगितली होती तेव्हा हसून हसून माझे डोळे भरून आले होते. ती सांगा ना तिथे."

"ते काय सांगायचं? दोनदा नापास झाले ते?"

"हो, तेच."

आईने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली, पण नाही म्हणाली नाही.

त्याच वर्षावासाच्या शेवटच्या रविवारी आई बोलली. कागद नव्हता, हातवारे नव्हते. बीजगणितात नापास झाल्याचं सांगितलं तेव्हा बायका खळखळून हसल्या. मग ती म्हणाली, "जाऊ शिकलेली आली म्हणून मी पुन्हा पुस्तक हातात घेतलं. आणि तिला चांगलं बोलता येतं म्हणून यंदा मी घरात बसून राहिले. दोन्ही वेळा हेवाच होता. पहिल्या वेळी मी माझा अभ्यास केला, म्हणून पास झाले. दुसऱ्या वेळी तिची नक्कल केली, म्हणून पडले. आणि पडल्यावर तिच्याच नावाने बोटं मोडत बसले."

सगळ्यांच्या आधी "साधू, साधू" म्हणाली ती काकू.

हेवा गेला असं आई अजूनही म्हणत नाही. विचारलं तर म्हणते, "असतो. पण आता वाटला की तिलाच जाऊन विचारते, हे तू कसं केलंस ते सांग."

गेल्या महिन्यात धायरीतल्या एका महिला मंडळाने दोघींना बोलावलं. मी अर्धी रजा टाकून त्यांना गाडीने घेऊन गेले. सिंहगड रोडला पोचेपर्यंत आधी कुणी बोलायचं यावर दोघींचं भांडण चाललं होतं. शेवटी आई आधी बोलली. मी मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "छान बोलतायत हो. तुमच्या कोण?"

"ही आई, आणि त्या पलीकडे बसलीय ती काकू," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण पुढच्या दोन-तीन जणींनी वळून पाहिलं.