माशासाठी नेलेलं मीठ

धाकट्या बहिणीचा फोन आला तो माशासाठी. "ताई, आमच्या सोनेरी माशाचे डोळे सुजून बाहेर आलेत. तुलाच कळतं यातलं, ये ना."

लहानपणी कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत काचेच्या बरणीत मासे पाळायचे ते मी, ती नुसती बघायची. त्या खोल्यांत मी अजून राहते. ती आयटीत लागली, नवराही तिथलाच मिळाला, आणि खराडीला अकराव्या मजल्यावर फ्लॅट झाला.

जळायचे मी तिच्यावर. उगाच सौम्य शब्द कशाला शोधायचे? तिच्या पांढऱ्या फरशीवर, लांबलचक ओट्यावर, वाऱ्याच्या बाल्कनीवर, सगळ्यावर जळायचे. शाळेतल्या वह्या तपासताना मध्येच ती बाल्कनी आठवायची आणि माझं लाल पेन जरा जास्तच जोरात चालायचं.

गेले. मासा टाकीच्या तळाशी पडून होता, डोळे शर्टाच्या बटणांसारखे वर आलेले. पाणी गढूळ. येणारा-जाणारा कौतुकाने चिमूटभर खाणं टाकत होता, पाणी बदलायला मात्र कुणाला सवड नव्हती.

"घराला दृष्ट लागली कुणाची तरी," बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या. "ती त्या मुक्या जिवाने अंगावर घेतली." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं.

"अहो आई, इन्फेक्शन आहे ते," बहीण हसली. मला तेवढ्याने हायसं वाटलं.

मी मासा टबात वेगळा काढला, फोनवर सांगून आदल्या दिवशीच भरून ठेवायला लावलेल्या पाण्यात खडेमीठ विरघळवून. मीठ घरूनच पिशवीत नेलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं बारीक आणि सुळसुळीत. मग रोज शाळा सुटली की खराडी. थोडं पाणी काढायचं, थोडं ताजं घालायचं, डोळे बघायचे. बहीण ऑफिसातून आली की गळ्यातलं ओळखपत्रही न काढता माझ्याशेजारी जमिनीवर बसायची. "उतरतेय ना गं सूज?" विचारायची. तेवढा वेळ मला तिच्या फ्लॅटचं काही वाटत नसे. लिफ्टमध्ये शिरलं की पुन्हा सुरू.

सूज उतरली. मासा टाकीत सोडला तेव्हा तिने मला मिठीच मारली. मी निघाले, खाली पोचले आणि छत्री विसरल्याचं लक्षात आलं. परत वर गेले. दार उघडंच होतं.

बहीण टाकीपुढे उभी होती. मुठीत माझं खडेमीठ. ती मूठ टाकीभोवती फिरवत, आई आमची दृष्ट काढताना पुटपुटायची तसंच पुटपुटत होती, "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची…" सासूबाई आतल्या खोलीत टीव्हीपुढे होत्या, म्हणजे हे कुणी करायला लावलेलं नव्हतं.

मी दिसले तशी मूठ हवेतच थांबली. "ताई… अगं, हे आपलं उगाच…"

"नुसत्या मिठाने उतरत नाही," मी म्हटलं. "मोहऱ्या घे."

छत्री उचलून निघाले. लिफ्टमध्ये रडू फुटलं. सख्ख्या बहिणीने असं करावं, याचा संताप होता. आणि तिचं चुकलं असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं, याचा त्याहून जास्त. गेटाबाहेर येऊन मान वर केली. अकराव्या मजल्यावर तिच्या बाल्कनीतला दिवा लागला होता. तेव्हासुद्धा ते घर मला हवंसं वाटलं.