परीक्षणाखालचं दुसरं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वाजीदला नाही, मावशीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या सिद्धूला तर नाहीच. चौकात उभी राहून मी सगळ्यांचं सगळं बाहेर काढते—कुणाची टक्केवारी, कुणाची नातेवाइकांची भरती, कुठल्या टाकीत मेलेलं कबूतर—आणि हे एवढंसं मात्र चार वर्षं गिळून बसले आहे.

एवढंसं. बघा, सुरुवात झाली लगेच. एवढंसं नाही ते.

तुम्ही मला ओळखत असाल तर पत्रकांमुळेच. नांदेडात वसतिगृहाचं पाणी, शिष्यवृत्ती, बसपास, असं काहीही अडलं की संध्याकाळपर्यंत पत्रक तयार. मला दुसरं काही लिहिताच येत नाही खरं तर. आत्येभावाच्या लग्नाची पत्रिका लिहायला दिली होती, तर तिच्यात ‘मोठ्या संख्येने उपस्थित राहा’च्या खाली मी सवयीनं ‘अन्यथा’ लिहून बसले होते. तेव्हा मी एका ॲनिमेचं परीक्षण लिहिलं तर ते कसं असणार? निषेधाचं पत्रकच असणार.

हो, ॲनिमे. जपानी कार्टून. हसू नका. आंदोलनातल्या माणसानं काय बघावं याचं काही परिपत्रक निघालेलं नाही अजून.

मला त्याचं वेड लावलं सिद्धूनं. सिद्धू म्हणजे माझा मावसभाऊ. राहतो उदगीरला, चित्रकलेचा डिप्लोमा झालाय, शाळेत जागा निघायची वाट बघत पोरांचे चित्रांचे वर्ग घेतो. मला अक्का म्हणतो. त्या मालिकेचं खरं नाव इतकं लांब की आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता यायचं नाही. आम्ही तिला ‘दिवेवाली’ म्हणायचो. गोष्ट साधी. एक काळी नदी, तिच्या पल्याड एक जुलमी राजा, आणि त्यानं नदीत अडकवून ठेवलेल्यांना एकेक करून काठावर आणणारी, हातात कंदील घेतलेली पोरगी. तिच्या सोबतीला एक आंधळा नावाडी. तो तिच्या आवाजावर नाव वल्हवतो. ती बोलत राहते, तो वल्हवत राहतो. बस.

पहिला सीझन इतका देखणा होता की मावशीसुद्धा भाकरी थापता थापता उंबऱ्यापाशी येऊन उभी राहायची. त्यातलं पाणी—काय सांगू—गार लागायचं डोळ्यांना.

मग दोन वर्षांनी दुसरा सीझन आला. आता इथं मी, चार वर्षं उशिरा, खरं परीक्षण लिहिते. चित्रकाम कमीजास्त होतं. कमीजास्त म्हणजे एका भागात कंदिलाची काच तडकते तेव्हा तिच्यातली ज्योत कशी दचकते तेही दाखवलेलं, आणि पुढच्याच भागात राजाचं सैन्य चालतंय तर सगळ्यांचे हात एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. लांबच्या माणसांना नाक-डोळे नाहीत. लढाईत तर नुसती चित्रं एकामागून एक सरकवलेली. पहिल्या सीझनचं ते पाणी, त्याची पार ताडपत्री झालेली. पण नववा भाग? नवव्या भागात पैसे संपले असावेत, नाहीतर माणसं. पार्श्वभूमी जवळजवळ कोरीच. पाण्याच्या जागी चार रेघा. पोरीचा आवाज बसलेला आहे, तिला हाक मारता येत नाही, आणि तो म्हातारा नावाडी आवाजाशिवाय नाव वल्हवतोय. कोऱ्या कागदावर एक नाव आणि वल्ह्याचा आवाज. दुसरं काही नाही. मी मावशीच्या घरात भिंतीला टेकून हुंदके देऊन रडले. सिद्धूनं खुंटीवरचा टॉवेल काढून दिला आणि तोंड दुसरीकडे केलं. माझं रडणं बघितलेला तो एकच माणूस आहे.

त्यानंतर मावशीनं मुरमुऱ्याची सुशीला केली आणि आम्ही दोघं ताटली पुढ्यात घेऊन दुसऱ्या सीझनच्या चुका काढत बसलो. म्हणजे तो काढत होता.

“अक्का, ते घोड्याचे पाय बघितले का? जमिनीला लागूनच नाही राहिले. हवेत चालून राहिला घोडा!”

“आणि राजाचं तोंड?”

“राजाचं तोंड तर दर भागात नवीन. एका भागात तर हुबेहूब आपल्या नाम्यामामावाणी.”

मावशी आतून ओरडली, माझ्या भावाला काय म्हणून राहिले रे. आम्ही पोट धरून हसलो. आपल्या माणसाच्या खोडी सांगाव्यात ना, तशा तो त्या चुका सांगत होता. आजा घोरायचा कसा हे आपण हसत सांगतो, तर तो आज्याबद्दलचा निषेध असतो का?

मी त्याचा निषेध केला.

थांबा. अजून ते नाही. आधी विहाराचं सांगावं लागेल.

सिद्धूनं त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी पोरांना ‘दिवेवाली’ दाखवायला सुरुवात केली होती. जयंतीची भाषणं ज्या टीव्हीवर दाखवतात त्या टीव्हीवर. परवानगी सहज मिळाली नव्हती. कमिटीचे बनसोडे काका म्हणजे कडक माणूस. त्यांनी सरळ विचारलं होतं: नदीत अडकलेली माणसं म्हणजे आत्मेच ना? मग आपल्या आई-बापांनी ज्या भुताखेतांना वस्तीबाहेर हाकललं, ती तू टीव्हीतून विहारात आणणार का? प्रश्न चुकीचा नव्हता. सिद्धू दोन आठवडे त्यांच्याकडे जात राहिला. ही गोष्ट आत्म्याची नाही, अडकवून ठेवलेल्या माणसांची आहे, आणि तिच्यात देव कुणाला सोडवत नाही, एक पोरगी सोडवते, हे त्यानं पटवून दिलं. शेवटी काका म्हणाले, “तुझ्या भरवशावर. तुझं नाव हाय म्हणून.”

त्या रविवारांना मी दोनदा गेले होते. खाली अक्षरं इंग्रजी, म्हणून सिद्धू टीव्हीशेजारी उभा राहून सगळ्यांचे आवाज स्वतः काढायचा. राजा बोलायचा शुद्ध पुणेरी. नावाडी बोलायचा उदगीरचं: “लई गार हाय गं पोरी पाणी, बोलत ऱ्हा, बोलत ऱ्हा.” आणि पन्नासेक पोरं एका सुरात ओरडायची, बोलत ऱ्हा! दुसऱ्या सीझनचे ताडपत्रीचे भागही त्यांनी तेवढ्याच आनंदानं बघितले. घोडा हवेत चालला तर सिद्धूनं सांगून टाकलं, राजाच्या घोड्याला माती लागलेली चालत न्हाई. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

असा आठवा भाग झाला. त्याच्या शेवटी पोरीचा आवाज जातो आणि नावाडी नाव पाण्यात ढकलतो. पुढचा रविवार नवव्याचा.

त्याच आठवड्यात आमच्या नांदेडच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपनं (‘दिवेवाली’चं वेड माझ्यामार्फत त्यांनाही लागलं होतं) ठरवलं की आपल्या पेजवर दुसऱ्या सीझनचं परीक्षण टाकायचं. पेज वाजीद सांभाळायचा, पोस्टर तोच करायचा. लिहायचं माझ्याकडे. मी विष्णुपुरीला धरणाकडे तोंड करून बसले आणि मोबाइलवर लिहून काढलं. शीर्षक—‘प्रेक्षकांची जाहीर फसवणूक!’ घोड्याचे पाय घेतले. राजाचं तोंड घेतलं. हात वर-हात खाली घेतलं. सुशीलेच्या ताटलीवरचं सगळं एकेक करून उचललं आणि त्याचे आरोप केले. नवव्या भागाला ‘कोरा कागद विकण्याचा निर्लज्ज प्रकार’ म्हटलं. मी! टॉवेल ओला करणारी मी. आणि शेवटाकडे हात गरम झाल्यावर, पत्रकात एक परिच्छेद कमी पडतो तेव्हा टाकतात तसा एक टाकला: लहान मुलांच्या डोक्यात आत्म्याचा आणि अंधश्रद्धेचा कचरा भरणाऱ्या अशा मालिकांना समाजानं थारा देऊ नये. त्या वाक्यावर माझा विश्वास होता का? नव्हता. ते लयीत बसत होतं.

आमच्यात रीत आहे, पत्रकाखाली एकच नाव कधी नसतं. एकटं नाव बिचारं दिसतं. चार-पाच नावं टाकायची, विचारायचं नंतर, आपलीच माणसं असतात. मी माझं नाव टाकलं. आणि त्याच्याखाली दुसरं—सिद्धूचं.

रीत म्हणून टाकलं असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. वाजीदचं नाव टाकलं नाही, बाकी कुणाचं टाकलं नाही, त्याचंच का टाकलं? कारण ग्रुपात सगळ्यांना माहीत होतं की चित्रं पारखणारा डोळा सिद्धूचा आहे. त्याच्या नावाशिवाय माझ्या आरोपांना वजन नव्हतं. आणि विचारलं का नाही? कारण तो नको म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं. विसरले नाही. घाईतही नव्हते. समोर पाणी होतं, वेळ होता, फोनमध्ये त्याचा नंबर होता.

परीक्षण फिरलं. लोकांना शिव्या आवडतात. फिरत फिरत ते उदगीरला पोचलं आणि काकांनी सिद्धूला हॉलच्या दारातच ते वाचून दाखवलं—पोरांसमोर. तूच लिहितोस कचरा, आणि तूच आमच्या लेकरांच्या डोक्यात भरतोस?

त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“अक्का, माझं नाव कुणी टाकलं असंल गं?”

आता बघा. इथं एक वाक्य पुरलं असतं. काकांचा माझ्यावर जीव होता, मुलींनी कसं बोलावं तर हिच्यासारखं, असं ते सभेत सांगायचे. मी त्यांना फोन करून म्हणाले असते—काका, ते अंधश्रद्धेचं वाक्य माझं, आणि ते खोटं आहे, मी नववा भाग बघून रडले आहे—तर रविवारी हॉल उघडला असता. एक फोन. दगडफेक झाली तेव्हा मी हललेली नाही, पोलिसांच्या गाडीत मी घोषणा देत चढलेली आहे. हा फोन मला झेपला नाही. मी म्हणाले, “ग्रुपातल्या कुणीतरी टाकलं असेल. बघते. सोडत नाही त्याला.”

आणि मी सोडलं नाही! दुसऱ्याच दिवशी दुसरं पत्रक काढलं—‘कार्यकर्त्याचं नाव परस्पर वापरणाऱ्या प्रवृत्तीचा तीव्र निषेध.’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात धारदार पत्रक आहे ते. मी माझाच निषेध केला आणि खाली सही पण केली. सगळ्यांनी वाजीदकडे बघितलं, कारण पोस्टर त्यानं केलेलं. मजकूर नावांसकट माझ्याकडून आला होता, हे फक्त आम्हा दोघांना माहीत. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “हाव, माझ्याच हातून झालं असंल.” मी ते तसंच चालवून घेतलं. तो आजही माझी पोस्टरं करतो. तो विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही.

सिद्धूनं ते दुसरं पत्रक काकांना नेऊन दाखवलं. काका म्हणाले, नाव कुणाचं का असंना, लिहिलेलं तर पटतंय. हॉल बंद तो बंदच राहिला. आणि सिद्धू? त्यानं मला मेसेज केला: ‘अक्का, तू हायेस म्हणून बरं हाय.’ पुढं कितीतरी दिवस तो लोकांना माझी ओळख अशी करून द्यायचा—ही माझी अक्का, माझ्या नावासाठी भांडली. मी ते ऐकून घ्यायचे. हसायचे सुद्धा.

गेल्या महिन्यात लातूरला गेले होते. क्लासेसच्या भागात मुलींच्या खोल्यांची भाडी वाढलीत, त्याची पत्रकं वाटत होते. एका मुलीनं पत्रक घेतलं, माझ्याकडे निरखून बघितलं. “तुम्ही उदगीरच्या सिद्धूदादाच्या अक्का ना? विहारात यायच्या?” मी हो म्हटलं. ती रविवारच्या पोरांतली, आता बारावीला. पाठीवर मोठी बॅग, हातात डबा. तिनं मला खोलीभाड्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, “तो आंधळा नावाडी पोचला का हो पल्याड?”

मी म्हटलं, मोबाइलवर असेल की, बघितलं नाहीस?

“न्हाई ना. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, दादा लावतील तेव्हाच बघायचं. त्यांच्याच आवाजात.”

मला तिला सांगता आलं नाही. पोचतो, एवढंच सांगायचं होतं. तो तिला सिद्धूच्या तोंडून पोचायला हवा होता आणि तो रस्ता मी बंद केलेला. मी म्हटलं, दादालाच विचार. ती क्लासला पळाली.

परवा सिद्धूचा फोन आला. तिसरा सीझन येतोय. पहिल्यासारखं पाणी आहे म्हणे, झलक बघूनच तो हरखून गेला होता. म्हणाला, “अक्का, या बारीला तू लिही. चांगलं लिही. आणि खाली माझं नाव टाक बरं का. मला विचारत बसू नको.”

म्हणून आधी हे लिहिलं. सिद्धू, विहारातली ती पोरं, वाजीद, काका—सगळ्यांनी वाचावं इतक्या ठळकपणे. दुसऱ्या सीझनचा नववा भाग कोरा नव्हता. ते नाव मी टाकलं होतं.

याच्याखाली एकच नाव आहे.