पुडीत काही नाही, असं मी म्हणाले

बिरादार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला क्लासच्या पायऱ्या चढत होते. एक बॅच सुटत होती, दुसरी आत शिरत होती, आणि त्या गर्दीत सरांच्या पत्नीचा, सुमनकाकूंचा आवाज नीट ऐकू येईना. "वर्षा, सर गेले गं... देवघरासमोर बसल्याबसल्याच गेले." मी भिंतीला टेकून उभी राहिले. दीडशे मुलं बाकांवर बसून माझी वाट पाहत होती. मी आत गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि तशीच बाहेर पडले. देगलूरची गाडी मिळेपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती. सर असताना एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. आता तर ती सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलंच नाही.

याला पाच आठवडे झाले. ती गोष्ट इथे लिहिते आहे.

नांदेडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सहायक म्हणून लागले, तेव्हा माधव बिरादार सर तिथले प्रमुख होते. मूळचे देगलूरचे. बोलणं गावाकडचं, हात मात्र सोनाराचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे तीन बशा ठेवल्या. एकीत कापूर, दुसरीत साखर, तिसरीत अंड्याचा पांढरा बलक. खाली एकेक दिवा लावला आणि म्हणाले, "बघत बस, माय." कापूर उडून गेला. साखर काळी पडून जळली. बलक गोठून बशीला चिकटला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या मास स्पेक्ट्रोमीटरकडे बोट दाखवलं. हे यंत्र रेणूंचं वजन करतं, पण ज्या रेणूवर विद्युतभार आहे त्याचंच. भार नसलेला रेणू त्याला दिसतच नाही. म्हणून आधी रेणूला भार द्यावा लागतो, तेच आयनीभवन. आमच्या यंत्रात नमुना तापवून त्याची वाफ करत आणि त्या वाफेवर इलेक्ट्रॉनांचा मारा करत. रेणू फुटायचे, आणि त्या तुकड्यांवरून मूळ पदार्थ ओळखायचा. कापरासारख्या, अत्तरासारख्या, सहज उडणाऱ्या पदार्थांना ही रीत उत्तम. "पण साखर घातली तर?" सरांनी विचारलं. जळेल, म्हणाले मी. "मग यंत्र काय सांगंल? जळकं सांगंल, न्हाईतर काहीच न्हाई सांगणार. त्याच्यासाठी दुसरी रीत. पाण्यात विरघळवायचं, बारीक सुईतून भाराचा फवारा मारायचा, थेंब सुकत जातो आन् रेणू न फुटता भार घेऊन बाहेर येतो. बलकासारख्या मोठ्या रेणूला ती चालती, न्हाईतर लेसर शोषणाऱ्या पदार्थात मिसळून, वाळवून, वरून लेसर मारायचा." आमच्याकडे फवाऱ्याचं यंत्र नव्हतं. ते हैदराबादला होतं.

या तीन बशा मी पाठ केल्या होत्या, परीक्षेत लिहिल्या होत्या. तरी दोन वर्षांनी नेमक्या वेळी विसरले.

तेव्हा लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत हॉस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं, आणि त्यातच पुड्या विकणारे... स्मरणशक्तीच्या, एकाग्रतेच्या, डोळ्यांवरची झोप घालवायच्या. मेडिकलची प्रवेशपरीक्षा आठ दिवसांवर आली असताना एका मुलींच्या हॉस्टेलात दोघीजणी जेवणानंतर उलट्या करत कोसळल्या. हृदयाचे ठोके वेडेवाकडे. संशय सरळ स्वयंपाकीणबाईंवर गेला. रुक्मिणबाई, देवणीकडच्या. शिळा भात मुलींना वाढायला नकार दिला म्हणून आदल्याच दिवशी त्यांचं मालकाशी भांडण झालं होतं. पोलिसांनी त्यांना ठाण्यात बोलावून बसवलं. मुलींवर उपचार करणारे डॉ. संजय हे सरांचे जुने विद्यार्थी. पोलिसांनी जप्त केलेले नमुने सरकारी तपासणीला गेले होते, पण डॉक्टरांना उत्तर लगेच हवं होतं. एका मुलीच्या उशाखाली सापडलेली चूर्णाची उघडी पुडी त्यांनी माणसाहाती आमच्याकडे पाठवली.

सर त्या दिवशी देगलूरला होते. मी एकटीनं चूर्णाचा अर्क काढला आणि यंत्रात सोडला. आलेख स्वच्छ. थोडी वनस्पतींची तेलं, बाकी काही नाही. संध्याकाळी लातूरच्या ठाण्यातून जमादारांचा फोन आला. "मॅडम, पुडीत काय निघालं?" मला घरी जायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी मला असं अधिकारानं विचारतंय याचं बरंही वाटलं. "काही नाही निघालं," मी म्हणाले. "पुडीत काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आलेख हातात घेतला, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. 'ओठांना मुंग्या, जीभ बधिर' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. "हे तर बचनागाच्या विषारी मुळीसारखं हाय," ते म्हणाले. "बचनागाचं विष यात कसं दिसंल? ते काय कापूर हाय का?" त्यांनी लगेच लातूरला फोन लावला. पलीकडून डॉ. संजय काय सांगत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण सरांचा चेहरा उतरत गेला. जमादारांकडून ऐकून, पुडी साफ आहे, दोष जेवणाचाच, असं मालकानं हॉस्टेलात सांगितलं होतं. मुलींनी लपवलेल्या पुड्या पुन्हा काढल्या. पहाटे अभ्यासाला बसताना अश्विनी नावाच्या तिसऱ्या मुलीनं दोन चमचे घेतले. ती आता व्हेंटिलेटरवर होती.

"साफ हाय म्हणून कुणी सांगितलं?" सरांनी मला विचारलं. मी आलेख उचलून फाइलीत ठेवला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. फोनवर एवढंच बोलले, "आधी सगळ्या पुड्या गोळा करा. सिद्ध नंतर होईल." मग उरलेलं चिमूटभर चूर्ण त्यांनी बाटलीत भरलं आणि म्हणाले, "चल."

हैदराबादची एसटी. सर खिडकीशी, बाटली शर्टाच्या आतल्या खिशात, त्यावर हात. फोन माझ्या मांडीवर. तो वाजला की पलीकडून डॉ. संजय. "अजून शुद्ध नाही." "ठोके परत बिघडले." बिलोलीचा फाटा मागे गेल्यावर मी एकदाची बोलले, "सर, तो निरोप मी दिला होता." ते बाहेर बघत राहिले. मग त्यांनी मला लातूरच्या भूकंपाची गोष्ट सांगितली... पूर्वी कधी सांगितली नव्हती, नंतरही नाही.

भूकंप झाला तेव्हा ते तिशीच्या आतले होते. कॉलेजची पोरं घेऊन मदतीला गेले. "गाव म्हणजे नुसते दगडमातीचे ढीग. प्रत्येक ढिगाशी हाका मारायच्या, कान लावायचा, आवाज न्हाई आला की म्होरं जायचं. एका घराशी मी तीनदा हाक मारली. काही न्हाई. मी पोरांना म्हणलं, इथं कुणी न्हाई. दुसऱ्या दिवशी जवानांनी त्याच ढिगातून एक बाई काढली. जिती. तोंडात माती गेलती तिच्या. नंतर मला म्हणली, तुमच्या हाका ऐकू येऊन राहिल्या होत्या, भाऊ." सरांनी खिशातली बाटली चाचपली. "मला ऐकू आलं न्हाई, एवढंच मला म्हणता येत होतं. मी म्हणलं, कुणी न्हाई."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, समजावलंही नाही. देगलूर आलं. स्टँडपासून त्यांचं घर दहा मिनिटांवर, पण ते खाली उतरले नाहीत. गाडी पुढे निघाली.

हैदराबादला सरांच्या मित्रानं यंत्र मोकळं ठेवलं होतं. फवाऱ्याची सुई केसासारखी बारीक. चूर्णाचा अर्क एकदाच पुरेल इतकाच. चुकलं तर दुसरी संधी नाही. सर उभेच होते. पडद्यावर एक रेघ वर चढली, आणि मित्रानं आकडा वाचला, "सहाशे सेहेचाळीस." बचनागाच्या विषाचं, भार घेतलेल्या अख्ख्या रेणूचं वजन. त्यांनी तो रेणू फोडूनही पाहिला, खात्रीसाठी. सरांनी लातूरला फोन केला. "संजय, बचनाग. अन्नात न्हाई, चूर्णातच. त्या बाईला आधी घरी जाऊ द्या."

अश्विनी दोन दिवसांनी शुद्धीवर आली. आधीच्या दोघीही वाचल्या. अश्विनीची परीक्षा हुकली, वर्ष गेलं. रुक्मिणबाई सुटल्या, पण लातुरात त्यांना कुणी स्वयंपाकाला लावेना. आणि आमच्याकडे चौकशी बसली. नमुना परस्पर का तपासला, तोंडी निरोप कुणी दिला. चौकशीच्या खोलीबाहेर मी उभी होते. आतून सरांचा आवाज आला. "निरोप माझा होता." मी दार ढकललं नाही. प्रयोगशाळा त्यांच्याकडून काढून घेतली. निवृत्तीपर्यंत ते पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेत राहिले. आणि प्रयोगशाळा कुणाकडे दिली? माझ्याकडे. किल्ल्या, आणि स्वतःच्या हातानं शेवटच्या ओळीत दोन शब्द वाढवलेला अहवालाचा मसुदा द्यायला ते स्वतः आले. मी म्हणाले, "सर, मी जाऊन खरं सांगते." ते म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची हाय अजून. माझी पक्की. पण सांगायचं असंल तर मी अडवणार न्हाई." मी सांगितलं नाही. वर्षभर त्या खुर्चीवर बसले, मग सोडून लातूरला क्लासमध्ये शिकवायला आले. लोक म्हणाले, चांगली संधी गाठली.

तेराव्याला देगलूरला गेले. सरांच्या ओसरीवर पंगत बसली होती आणि वाढणाऱ्यांत रुक्मिणबाई होत्या. सरांनीच त्यांना इथल्या एका शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळवून दिलं होतं. जेवणं आटोपल्यावर मी त्यांना अंगणात गाठलं आणि सगळं सांगितलं. पुडीत काही नाही असं मी म्हणाले होते, सरांनी नाही. त्या ऐकत राहिल्या. हातातली परात त्यांनी खाली ठेवली.

"दोन दिस ठाण्यात बसवलं मला," त्या म्हणाल्या. "सकाळी जायचं, दिवस मावळला की सोडायचे. पोरगी घरी एकली. शेजारणीनं दार लावून घेतलं... मी सरांना लई बोलले होते तवा. तुमच्यापायी झालं म्हणले मी. हात जोडून उभे होते बिचारे." मग डोळे पुसले. "हे तुम्ही ते असताना सांगायला पाह्यजे होतं, बाई." आणि परात उचलून आत गेल्या. मला क्षमा मिळाली नाही. मी मागितली असती तरी त्यांनी ती का द्यावी?

मागच्या आठवड्यात नांदेडला जाऊन मी चौकशीच्या त्या जुन्या कागदांसाठी अर्ज दिला. त्यात माझं लेखी निवेदन जोडलं आहे. परतताना पाय प्रयोगशाळेकडे वळले. नवी सहायक मुलगी काम करत होती. ती मला ओळखत नव्हती, सरांनाही तिनं पाहिलेलं नव्हतं. तिनं नुकताच एक अहवाल छापून टेबलावर ठेवला होता. विहिरीच्या पाण्याचा नमुना. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'या पद्धतीने आढळले नाही.'

"नुसतं 'आढळले नाही' का लिहीत नाहीस?" मी विचारलं.

"काय की, मॅडम," ती म्हणाली. "इथं पहिल्यापासून असंच लिहितात. ते दोन शब्द गाळले की वरिष्ठ कागद परत पाठवतात." तिनं अहवालावर शिक्का मारला आणि पुढची बाटली हातात घेतली.